नदीत मासे सोडले, आणि मासे कमी झाले!

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात 'कंट्रोल म्हणजे काय' यावर दोन ओळींची व्याख्या लिहिली की मार्क मिळतात. पण तुलना नसेल तर नेमकं काय बिघडतं, हे समजून घ्यायला मला अमेरिकेतल्या मॅडिसन नदीचा अभ्यास फार उपयोगी वाटतो.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळून मॅडिसन तयार होते आणि पुढे मोंटाना राज्यात शिरते. थंड, उथळ, खडकाळ पाणी आणि बाजूला डोंगर. इथे ट्राउट पकडायला लांबलांबून लोक येतात. गळाला पिसं आणि दोरे गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती पाण्यावर अलगद टाकायची, असा हा खेळ. काठावरच्या एनिस गावातली दुकानं, हॉटेलं, वाटाडे या गिऱ्हाइकांवर चालतात. म्हणजे नदीत मासे असणं हा तिथे पोटापाण्याचा प्रश्न.

त्यावरचा जुना उपाय सरळ होता. हॅचरीत वाढवलेले, लगेच पकडता येतील एवढे मोठे रेनबो ट्राउट नदीत सोडायचे. मासे सोडले की मासे वाढणार, त्यात तपासायचं काय? अशीच गृहीतकं तपासायची राहून जातात.

डिक व्हिन्सेंट या राज्य मत्स्य विभागातल्या जीवशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे माशांची शिरगणती सुरू केली. वाहत्या पाण्यातले मासे मोजायचे कसे? पाण्यात बेताचा वीजप्रवाह सोडला की मासे थोडा वेळ सुन्न होतात. ते गोळा करायचे, पराला छोटी खूण करायची आणि परत सोडायचे. काही दिवसांनी पुन्हा पकडायचे. समजा, पहिल्यांदा २०० माशांना खूण केली. दुसऱ्यांदा १५० सापडले, त्यात ३० खुणेचे. म्हणजे पकडलेल्यांत पाचातला एक खुणेचा. म्हणून नदीच्या त्या पट्ट्यात साधारण १,००० मासे. (मधल्या काळात फारसे मासे आले-गेले नाहीत, हे यात धरलेलं असतं. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.)

आता खरी गंमत अभ्यासाच्या रचनेत आहे. मॅडिसनच्या व्हार्नी पट्ट्यात वर्षानुवर्षं हॅचरीचे मासे सोडले जात. तिथे १९६९ नंतर सोडणं बंद केलं. जवळच्या ओडेल नावाच्या ओढ्यात ते सोडले जात नव्हते. तिथे १९७० पासून तीन वर्षं मुद्दाम सोडले. व्हार्नीत पुढच्या चार वर्षांत जंगली तपकिरी ट्राउट दुपटीहून जास्त झाले आणि जंगली रेनबो तर कित्येक पट वाढले. ओडेलमध्ये जंगली तपकिरी ट्राउट जवळपास निम्म्यावर आले.

फक्त व्हार्नीचे आकडे असते तर कोणीही म्हणालं असतं, 'ती वर्षंच चांगली होती, पाणी भरपूर होतं.' पण त्याच सुमारास शेजारच्या ओढ्यात उलटं घडलं. हवामान एकाला वाढवून दुसऱ्याला घटवेल, हे पटायला अवघड. तरी शंका संपत नाही. ओडेल हा लहान ओढा, मॅडिसन मोठी नदी. शिवाय पट्टे मोजकेच. आज असा सिनॉप्सिस नेला तर 'रेप्लिकेशन कुठे आहे?' हा पहिला प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. माझ्या मते मात्र एकाच दिशेने केलेल्या दहा निरीक्षणांपेक्षा ही दोन उलट्या दिशांची जोडी जास्त बोलते.

असं का झालं असावं? जंगली ट्राउट नदीत आपापली जागा धरून बसतात. कमी ताकदीत जास्त खाणं मिळेल अशी. हॅचरीतला मासा गर्दीत वाढलेला, त्याला ही शिस्त ठाऊक नसते. तो घुसतो, ढकलाढकली होते, आणि जंगली माशाची ताकद त्यात खर्च होते. हे स्पष्टीकरण पटतं. पण शिरगणतीत संख्या मोजली जाते, ढकलाढकली नाही. पेपर वाचताना 'काय मोजलं' आणि 'त्यावरून काय म्हटलं' हे दोन रकाने वेगळे ठेवा.

मासे सोडणं थांबवायला स्थानिक लोकांचा विरोध होता. साहजिकच आहे, हॅचरीची गाडी आलेली डोळ्यांना दिसते. तरीही मोंटानाने १९७४ मध्ये जंगली ट्राउट टिकून असलेल्या नद्यांत हॅचरीचे मासे सोडणं बंद केलं. व्हिन्सेंट यांचा सविस्तर शोधनिबंध मात्र आला १९८७ मध्ये!

आणि एक शब्द जपून वापरा. इथे 'जंगली' म्हणजे नदीतच जन्मलेला, एवढंच. तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला आणि रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडचा. दोघांनाही माणसानेच मॅडिसनमध्ये आणलं. तिथला मूळ रहिवासी कटथ्रोट ट्राउट, आणि या हिशेबात तो कुठेच नाही.