मुरुम
(तारुण्यपीटिका). त्वचेतील केशपुटके व त्यांना जोडलेल्या स्नेहग्रंथी यांचा चिरकारी शोथयुक्त विकार. सुश्रुतसंहितेत त्यास ‘मुखदूषिका’ म्हटले असून पुटकुळ्यांना शाल्मलीच्या (काटेसावरीच्या) काट्यांची उपमा दिली आहे.

पौगंडावस्थेत पुंस्त्वजनक हॉर्मोनांमुळे स्नेहस्राव वाढतो, मृत कोशिकांनी केशपुटकाचे तोंड बुजते आणि आत सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन शोथ उद्‌भवतो. अस्वच्छता हे याचे मूळ कारण नव्हे. चेहरा वारंवार घासल्यास शोथ उलट वाढतो.

दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुणे, तेलकट प्रसाधने टाळणे व पुटकुळ्या न फोडणे हितावह असते. बेंझॉइल पेरॉक्साइड वा ॲडापॅलीन यांच्या लेपाने गुण येण्यास काही आठवडे लागतात. या काळात धीर सोडून अनेकजण गोरेपणासाठी विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे वापरतात. त्यांनी प्रारंभी शोथ दबतो. पुढे मात्र त्वचा पातळ होते व मुरुम अधिकच उठतात. म्हणून २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

गाठी होऊन व्रण राहू लागल्यास त्वचारोगतज्ञाचे उपचार लवकर घ्यावेत. नांदूरघाटसारख्या बीड जिल्ह्यातील गावांना त्यासाठी अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उपलब्ध आहे.