पोल्डार्क: कॉर्नवॉलचा जमीनदार आणि त्याची खाण

यंदा जून-जुलैच्या गार, पावसाळी संध्याकाळी आम्ही घरची मंडळी एक जुनी इंग्रजी मालिका पाहात होतो. तिचे नाव 'पोल्डार्क'. बी.बी.सी.ने तिचे १६ भाग १९७५-७६ साली आणि पुढचे १३ भाग १९७७ साली दाखविले. आमच्या घरच्या आजींनी तरुणपणी ऊस तोडलेला. इंग्रजी त्यांना बेताचेच कळते, म्हणून शेजारी बसून आम्ही कथा अर्धी मराठीत, अर्धी क्रिओलमध्ये सांगत होतो. तिसऱ्या की चौथ्या भागात त्यांनी मध्येच विचारले, "हा मालक मजुरांच्या बाजूचा आहे म्हणतोस. मग त्याच्या खाणीत मजुराच्या हाती पडते काय?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहावा लागला.

आधी कथा सांगतो. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा मुलूख आहे. तिन्ही बाजूंना समुद्र, उघडे माळ, आणि जमिनीच्या पोटात तांबे व कथील. १७८३ साली रॉस पोल्डार्क हा तरुण अमेरिकेतल्या लढाईतून गालावर व्रण घेऊन घरी परततो. वडील वारलेले, घराची दैना झालेली, आणि जिच्यावर जीव ती एलिझाबेथ त्याच्याच चुलतभावाशी लग्न करायला निघालेली. रॉस हा तिकडे ज्याला 'स्क्वायर' म्हणतात तसा गावचा लहानसा जमीनदार आहे. मान आहे, पैसा नाही. बापाची बंद पडलेली खाण पुन्हा उघडावी, हा एकच मार्ग त्याला दिसतो. रेडरुथच्या जत्रेत त्याला मुलाच्या वेशातली, मार खाल्लेली एक खाणकामगाराची पोर आणि तिचा कुत्रा भेटतात. तिला तो घरी मोलकरीण म्हणून आणतो, आणि पुढे तिच्याशीच लग्न करतो. ती डेमेल्झा.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. कॉर्नवॉलच्या खाणीत पुष्कळ मजुरांना रोजचा ठराविक पगार नसे. खाणीचा एकेक तुकडा कामगारांच्या टोळ्यांपुढे बोलीवर ठेवीत. जी टोळी मालाच्या किमतीतला कमीत कमी हिस्सा मागेल, तिला तो तुकडा मिळे. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावणे, हे सारे पैसे त्या हिश्शातून कापले जात. धातूची शीर चांगली लागली तर घरात चार पैसे येत. ती आटली तर महिनाभर शिड्या उतरून-चढून वर कर्जच. वर उघड्यावर बायका व पोरी हातोड्याने दगड फोडीत. हे ऐकून आजी म्हणाल्या, "कापणे तिकडेही होते तर!" आपल्या बेटावर करारी मजुराच्या एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापीत, ते त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले.

पण मालकाचाही गळा कोणाच्या तरी हातात असे. कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नाही. त्यामुळे तांब्याचा दगड जहाजाने साउथ वेल्सला वितळवायला जाई. विक्रीच्या दिवशी भट्टीवाले आपापला भाव चिठ्ठीवर लिहून देत, आणि आपसांत संगनमत करून तो खाली ठेवीत. ही कोंडी फोडण्यासाठी रॉस इतर खाणमालकांना जमवून गुपचूप आपली कंपनी काढतो. त्याला उधळून लावणारा जॉर्ज वॉर्लेगन हा लोहाराचा नातू आहे, पण आता बँकेचा धनी झाला आहे. तो तलवार उपशीत नाही, फक्त ज्यांनी त्याच्या बँकेचे कर्ज घेतले आहे त्यांना बोलावून घेतो. आमच्या मते सबंध मालिकेतले सर्वांत खरे भाग हेच. राल्फ बेट्स यांचा जॉर्ज क्वचितच आवाज चढवितो, म्हणूनच त्याची भीती वाटते.

रॉसचे मोठेपण आणि त्याची मर्यादा दोन्ही जिम कार्टरच्या प्रकरणात दिसतात. हा पोरगा घरात भूक म्हणून दुसऱ्याच्या रानात शिकार चोरतो आणि तुरुंगात जातो. रॉस त्याच्यासाठी न्यायाधीशांपुढे बोलतो, पण तेही त्याच्याच वर्गाचे जमीनदार! कोणी ऐकत नाही. शेवटी तुरुंग फोडून त्याला बाहेर काढतात तेव्हा पोरगा वाचण्यापलीकडे गेलेला असतो. पुढे वादळात वॉर्लेगनचे जहाज किनाऱ्यावर फुटते. भुकेले लोक पोती घेऊन धावतात, आणि नुकतीच स्वतःची लहान मुलगी गमावलेला रॉस त्यांना अडवीत नाही. त्याबद्दल त्याच्यावर खटला होतो व तो सुटतो. जिम सुटला नव्हता, हे आजींच्या लक्षात आमच्या आधी आले.

ही कथा विन्स्टन ग्रॅहम यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली आहे. पहिली १९४५ साली निघाली, बारावी व शेवटची २००२ साली. पहिल्या मालिकेवर स्वतः ग्रॅहम फार नाराज होते, आणि त्यांचे बरोबर होते असे आम्हांला वाटते. कादंबरीत रॉस डेमेल्झाशी आपल्या मर्जीने लग्न करतो. मालिकेत आधी तिला दिवस जातात आणि मग लग्न होते. एवढ्या एका बदलाने मोलकरणीला बायको म्हणून निवडण्याचे त्याचे धैर्य निम्मे होते, आणि तिचा मानही. ॲन्घारड रीस यांच्या अभिनयाने तो मान पुष्कळसा परत मिळविला, हा भाग वेगळा. पहिल्या मालिकेच्या शेवटी जमाव ट्रेन्विथचा वाडा जाळतो, तेही पुस्तकात नाही.

घरातले प्रसंग स्टुडिओत आणि बाहेरचे कॉर्नवॉलमध्ये चित्रित केलेले, त्यामुळे दार उघडले की उजेडच बदलतो. आज त्याचे हसू येते. पण त्या काळी रविवारी संध्याकाळी दीड कोटीच्या घरात लोक ती पाहात, आणि काही पाद्र्यांनी म्हणे प्रार्थनेची वेळही बदलली.

रॉसच्या घरासाठी वापरलेला वाडा बोटॅलॅक येथे आहे. जवळच समुद्रावरच्या कड्याला खाणींच्या इंजिनघरांचे अवशेष उभे आहेत. कॉर्नवॉलच्या या खाणी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या त्या २००६ साली. त्याच वर्षी पोर्ट लुईचा आपला आप्रवासी घाटही त्या यादीत आला. हे आजींना सांगितले तेव्हा त्यांनी पडद्यावरचे ते धुराडे पुन्हा एकदा थांबवून दाखवायला लावले.

२०१५ ते २०१९ या काळात बी.बी.सी.ने हीच कथा नव्याने केली. तिच्यात पहिले रॉस, म्हणजे रॉबिन एलिस, म्हातारे होऊन न्यायाधीश पाद्री हॉल्स यांच्या भूमिकेत आले. ते ओळखू आल्यावर आजींनी कपाळाला हात लावला. "बघ, शेवटी खुर्चीत जाऊन बसलाच!" म्हणाल्या, आणि पुढचा भाग लावायला सांगितला.