सहीआधी प्रश्न

आवडता गायक, आवडता खेळाडू कोण, असे विचारले तर आपण चटकन नाव सांगतो. आवडता भौतिकशास्त्रज्ञ विचारला, की बहुतेक जण आइन्स्टाइन म्हणतात आणि ‘का?’ म्हटले, की घोटाळतात. मी मैंदर्गीत विज्ञान शिकवते. अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकच्या हद्दीजवळचे हे गाव. घरी कानडी आणि वर्गात मराठी बोलणारी मुले मला हाच प्रश्न विचारतात, तेव्हा मी डॉ. जयंत नारळीकरांचे नाव घेते. ते कोल्हापुरात जन्मले, मराठीत लिहीत, म्हणून नव्हे. माझे कारण थोडे विचित्र वाटेल. ज्या सिद्धांताचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, तो बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. तरीही माझी निवड तीच आहे.

आधी त्यांचे काम पाहू. अक्कलकोटहून येणारी एस.टी. अचानक थांबली, की उभे प्रवासी पुढे झुकतात. याला जडत्व म्हणतात, हे शाळेतले मूलही सांगते. पण वस्तूच्या अंगी हे जडत्व येते कोठून? एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांनी सुचवले, की ते विश्वातल्या इतर सगळ्या द्रव्यामुळे, दूरदूरच्या ताऱ्यांमुळे येते. म्हणजे बाकी विश्व रिकामे असते, तर एस.टी.त आपला तोल जायचे कारणच उरले नसते! केंब्रिजला फ्रेड हॉइल आणि त्यांचे शिष्य नारळीकर यांनी ही कल्पना गणितात बसवली आणि १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. तेव्हा नारळीकर अवघे २५ वर्षांचे होते.

या गुरुशिष्यांचा विश्वाच्या जन्माबद्दलही वेगळा विचार होता. आकाशगंगा एकमेकींपासून दूर जात आहेत, म्हणजे कधीतरी सारे एकत्र असणार आणि महास्फोटातून विश्व सुरू झाले असणार, असे एक मत. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये दुसरे मत मांडले. जत्रेतले लोक चहूकडे पांगत असावेत, पण मधे नवे लोक येत राहावेत, म्हणजे गर्दी तेवढीच राहते. तसेच विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. हा स्थिर स्थिती सिद्धांत.

१९६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. त्याचे तापमान उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. महास्फोटाची ही उरलेली ऊब, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि पारडे तिकडे झुकले. नारळीकरांनी मात्र शंका सोडली नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुया ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा सोडतात, त्यातून हे प्रारण येते, असे त्यांचे उत्तर होते. बहुतेकांना ते पटले नाही.

मग हा हट्ट नव्हे का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा पुण्यात आहे. १९८८ मध्ये त्यांनी ‘आयुका’ ही संस्था उभी केली आणि २००३ पर्यंत तिचे संचालकपद सांभाळले. त्या संस्थेत महास्फोट मानून संशोधन करणाऱ्यांना पूर्ण मोकळीक मिळाली. ज्या प्रारणाने त्यांच्या सिद्धांताला धक्का दिला, त्याचाही अभ्यास तेथे झाला. स्वतःच्या मताविरुद्धचे काम आपल्याच छताखाली होऊ देणे सोपे नसते.

लोकांच्या समजुतींनाही त्यांनी हीच कसोटी लावली. २००८ मध्ये त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या मिळून २०० कुंडल्या जमवल्या. भाग घेतलेल्या २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरे आली ४६ टक्के. नाणे उडवून सांगितले असते, तरी निम्मी बरोबर आली असती. त्यांनी ज्योतिष्यांची टवाळी केली नाही, आकडे पुढे ठेवले.

सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आमच्यासारख्या आडगावातल्या मुलाला याचे मोल फार. प्रयोगशाळा नसली, तरी प्रश्न विचारायला पोस्टकार्ड पुरत होते.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. विश्वाला सुरुवात आहे की नाही, हा वाद पुढेही चालेल, आणि कदाचित त्यांचे मत कायमचे बाजूला पडेल. शास्त्रज्ञ निवडताना मी त्याची उत्तरे किती बरोबर आली एवढेच मोजत नाही. उत्तर चुकीचे ठरण्याची वाट त्याने इतरांसाठी मोकळी ठेवली का, हे पाहते. तुम्हीही आपला शास्त्रज्ञ निवडा, मात्र कारणासकट.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)