विश्लेषण : टॅबलेट ३२ जीबीचा, मग अ‍ॅपला जागा का नाही?

परीक्षा आठवड्यावर आलेली असते, अभ्यासाचे अ‍ॅप अपडेट मागते आणि टॅबलेट सांगतो, 'पुरेशी जागा नाही'. कमी किमतीचा टॅबलेट वापरणाऱ्या बहुतेक घरांत ही सूचना ओळखीची झाली आहे. मग घाईघाईने काहीतरी डिलीट केले जाते आणि अनेकदा जायला नको तेच जाते. महिनाभर उतरवून ठेवलेली व्याख्याने, हाताने लिहिलेल्या नोट्स, क्वचित घरातील एकमेव प्रत असलेले फोटोही. वास्तविक टॅबलेटमध्ये जागेचे दोन वेगळे प्रश्न असतात. एक अ‍ॅपच्या जागेचा, दुसरा फायलींच्या जागेचा. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

खोक्यावरचे ३२ जीबी जातात कुठे?

पहिला फरक मोजमापाचा. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. अनेक संगणक हेच माप १०२४च्या पटीत मोजतात. त्या हिशेबाने ३२ जीबीचे २९.८ जीबी होतात. यात कोणी काही लपवलेले नसते, मोजपट्टी वेगळी असते इतकेच.

खरी मोठी वाटणी त्यानंतर होते. अँड्रॉइड प्रणाली, गुगलची अ‍ॅप आणि कंपनीने आधीच भरून दिलेली अ‍ॅप मिळून साधारणपणे १० जीबीहून अधिक जागा घेतात. आधीच भरलेल्या अ‍ॅपची मूळ आवृत्ती प्रणालीच्या राखीव भागात असते, तिला हात लावता येत नाही. पण त्याच अ‍ॅपचे प्रत्येक अपडेट मात्र वापरकर्त्याच्या वाट्याच्या जागेत बसते. त्यामुळे एकही नवे अ‍ॅप न घेता काही महिन्यांत मोकळी जागा घटलेली दिसते.

आणखी एक छुपा वाटेकरी म्हणजे 'वाढीव रॅम'. '४ जीबी अधिक ४ जीबी रॅम' अशी जाहिरात असलेल्या टॅबलेटमध्ये दुसरे ४ जीबी हे प्रत्यक्षात स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. स्टोरेज रॅमपेक्षा खूपच संथ असल्याने त्याचा वेगाला होणारा फायदा मर्यादित असतो. जागेची चणचण असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ही सोय बंद किंवा कमी करावी. टॅबलेट पुन्हा सुरू केल्यावर ती जागा परत मिळते.

५० एमबीचे अ‍ॅप ५०० एमबीचे कसे होते?

प्ले स्टोअरवर दिसणारा आकार हा डाउनलोडचा असतो. अ‍ॅप बसवताना ते उलगडले जाते आणि वेगाने चालावे म्हणून त्याचा काही भाग त्या यंत्राच्या भाषेत रूपांतरित करून ठेवला जातो. गेम तर बसवून झाल्यानंतर आपल्या फायली वेगळ्या उतरवून घेतात.

सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडून एखाद्या अ‍ॅपवर टिचकी मारली की तीन आकडे दिसतात. पहिला अ‍ॅपचा, दुसरा डेटाचा, तिसरा कॅशेचा. अ‍ॅप म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम. डेटा म्हणजे त्यात साठवलेले सर्व काही : लॉगिन, नोट्स, उतरवलेली व्याख्याने. कॅशे म्हणजे पुन्हा पुन्हा लागतील म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती. काहीही डिलीट करण्यापूर्वी या तिघांपैकी कोण फुगले आहे ते पाहावे, कारण उपाय त्यावरच ठरतो.

'क्लीअर कॅशे' आणि 'क्लीअर स्टोरेज' यात फरक काय?

ही दोन बटणे शेजारी शेजारी असतात आणि बहुतेक नुकसान इथेच होते. 'क्लीअर कॅशे' दाबल्यास फक्त तात्पुरत्या फायली जातात. अ‍ॅप पुढच्या वेळी थोडे सावकाश उघडते, एवढेच. 'क्लीअर स्टोरेज' किंवा 'क्लीअर डेटा' दाबल्यास अ‍ॅप नवे कोरे होते. लॉगिन जाते, आणि ज्या गोष्टी फक्त टॅबलेटवरच होत्या त्या कायमच्या जातात.

कॅशे पुसून मिळालेली जागा फार काळ टिकत नाही. अ‍ॅप वापरले की ती पुन्हा भरते. शिवाय जागा कमी पडू लागली की अँड्रॉइड स्वतःच कॅशे काढून टाकते. त्यामुळे रोज कॅशे पुसणारी 'क्लीनर' अ‍ॅप घेण्यात अर्थ नाही. ती स्वतः जागा अडवतात आणि वर जाहिराती दाखवतात. गुगलचे 'फाइल्स' हे अ‍ॅप मोठ्या व दुहेरी फायली शोधण्यासाठी पुरेसे आहे.

अ‍ॅप काढून टाकतानाही एक खबरदारी हवी. अ‍ॅपच्या खासगी फोल्डरमध्ये साठवलेल्या फायली अ‍ॅपबरोबरच जातात. 'डाउनलोड्स' फोल्डरमधील फायली मात्र राहतात. नोट्स लिहिण्याचे अ‍ॅप काढण्यापूर्वी नोट्स पीडीएफ करून दुसरीकडे ठेवाव्यात आणि ती पीडीएफ एकदा उघडून पाहावी.

एसडी कार्डाने प्रश्न सुटतो का?

फायलींचा सुटतो, अ‍ॅपचा बहुधा नाही. अ‍ॅप कार्डावर हलवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१०च्या २.२ या आवृत्तीपासून आहे. मात्र परवानगी अ‍ॅप बनवणाऱ्याने द्यावी लागते आणि अनेक जण ती देत नाहीत. हलवलेल्या अ‍ॅपचाही काही भाग आतच राहतो.

२०१५मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ने कार्डाला अंतर्गत स्टोरेजचाच भाग करण्याची सोय दिली. त्यात कार्ड फॉरमॅट होते, त्यावरील माहिती सांकेतिक स्वरूपात साठवली जाते आणि ते कार्ड त्या एकाच टॅबलेटशी बांधले जाते. कार्ड काढले की त्यावरची अ‍ॅप चालत नाहीत. कार्ड खराब झाले की त्यावरचा डेटा गेलाच. अनेक कंपन्यांनी आपल्या उपकरणांत ही सोय बंद ठेवली आहे.

म्हणून कार्डाचा सरळ उपयोग करावा. फोटो, पीडीएफ, उतरवलेले व्हिडीओ कार्डावर; अ‍ॅप आत. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ती कार्डावर उत्तम राहतात. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये फोटो थेट कार्डावर साठवण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा. व्हिडीओच्या काही अ‍ॅपमध्येही 'डाउनलोड लोकेशन' बदलता येते.

कार्ड घेताना त्यावरील 'ए१' किंवा 'ए२' ही खूण पाहावी. लहान लहान फायली किती वेगाने वाचता-लिहिता येतात, त्याची ती किमान हमी असते. ए१ कार्ड सेकंदाला किमान १५०० वेळा वाचू आणि ५०० वेळा लिहू शकते. ए२मध्ये हे आकडे ४००० आणि २००० आहेत. संशयास्पद स्वस्त कार्डांपासून सावध राहावे. आत १६ जीबी आणि वर ५१२ जीबी छापलेली बनावट कार्डे बाजारात असतात. ती खऱ्या क्षमतेपर्यंत नीट चालतात, त्यापुढच्या फायली दिसतात पण उघडत नाहीत. नव्या कार्डावर सुरुवातीलाच भरपूर फायली टाकून त्या उघडतात का, हे तपासावे.

सर्वात जास्त जागा कोण खाते?

पहिला मान व्हिडीओचा. तासभराचे व्याख्यान ७२०पी दर्जात उतरवले तर अनेकदा अर्धा ते एक जीबी जागा जाते. ३६०पीमध्ये ती निम्म्याहून कमी लागते. फळ्यावरचे अक्षर वाचता येत असेल तर कमी दर्जा पुरेसा आहे.

इंटरनेटची मुबलकता इथे उलट अडचणीची ठरते. नागपूरच्या 'महाज्योती' या संस्थेने नीट, जेईई, एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना टॅबलेटबरोबर रोज ६ जीबी डेटा देण्याची योजना राबवली. रोजचा डेटा दुसऱ्या दिवशी नव्याने मिळतो, स्टोरेज मात्र तेवढेच राहते. दिसेल ते उतरवून ठेवले तर छोटा टॅबलेट तीन-चार दिवसांत भरतो. नेट चांगले मिळते तिथे व्याख्यान थेट पाहावे. गावी जाताना किंवा प्रवासात लागणार असेल तेवढेच उतरवावे आणि पाहून झाले की काढावे.

दुसरा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपचा. त्याच्या सेटिंग्जमधील 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडले की अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि ५ एमबीहून मोठ्या फायली वेगळ्या दिसतात. सुप्रभातची चित्रे आणि सत्काराचे व्हिडीओ तिथेच एकगठ्ठा सापडतात. त्याच पानावर फायली आपोआप उतरवणे बंद करता येते. पाठवलेल्या फोटो-व्हिडीओंच्या प्रती 'सेंट' फोल्डरमध्ये वेगळ्या साठतात, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

तिसरी जागा कचरापेटीची. गुगल फोटोजमधून डिलीट केलेला फोटो बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस आणि नसेल तर ३० दिवस पेटीतच राहतो. 'डिलीट केले तरी जागा वाढली नाही' या तक्रारीचे कारण अनेकदा हेच असते. पेटी रिकामी करण्यापूर्वी त्यात चुकून गेलेले काही नाही ना, हे पाहून घ्यावे.

अ‍ॅप न गमावता जागा कशी मिळवावी?

क्वचित लागणारी अ‍ॅप 'अर्काइव्ह' करावीत. प्ले स्टोअरने २०२३मध्ये अ‍ॅप आपोआप अर्काइव्ह करण्याचा पर्याय दिला. २०२४च्या अँड्रॉइड १५पासून ही सोय सेटिंग्जमध्येच आहे. यात अ‍ॅपचा मुख्य भाग काढला जातो, चिन्ह आणि डेटा राहतो. चिन्हावर टिचकी मारली की अ‍ॅप पुन्हा उतरते. मात्र त्या वेळी इंटरनेट हवे आणि अ‍ॅप प्ले स्टोअरवर अस्तित्वात हवे. डेटा राहत असल्यामुळे ज्या अ‍ॅपमध्ये व्याख्याने भरलेली आहेत ते अर्काइव्ह करून फारसा लाभ होत नाही. तिथे आतली व्याख्यानेच काढावी लागतात.

आधीपासून असलेली, कधीच न वापरलेली अ‍ॅप 'डिसेबल' करावीत आणि त्यांची अपडेट काढून टाकावीत. तिकीट, बातम्या, खरेदी अशा कामांसाठी अ‍ॅपऐवजी ब्राउझरमधून संकेतस्थळ वापरता येते. त्याचे चिन्ह होम स्क्रीनवरही ठेवता येते. कागदपत्रांच्या प्रती गॅलरीत ठेवण्यापेक्षा डिजिलॉकरमध्ये ठेवाव्यात.

फोटो क्लाउडवर ठेवून 'फ्री अप स्पेस' करणे सोयीचे आहे, पण गुगलची मोफत जागा १५ जीबीच आहे. १ जून २०२१पासून फोटोही त्यात मोजले जातात. त्यापेक्षा महत्त्वाचे फोटो ओटीजी पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवणे अनेकांना परवडते. पेनड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

घरात एकच टॅबलेट असल्यास काही जण प्रत्येकाचे वेगळे 'यूजर' खाते उघडतात. मुलांच्या दृष्टीने ते चांगले आहे. पण अ‍ॅप सामायिक असले तरी प्रत्येकाचा डेटा स्वतंत्र साठतो. ३२ जीबीच्या टॅबलेटवर दोनपेक्षा जास्त खाती जड जातात.

जागा भरलेलीच राहिली तर बिघडते काय?

सर्वात मोठा धोका सुरक्षेचा. अँड्रॉइडची अपडेट बसवण्यासाठी मोकळी जागा लागते. अँड्रॉइड ११पासूनच्या पद्धतीत नव्या आवृत्तीचा काही भाग तात्पुरता वापरकर्त्याच्या जागेत ठेवावा लागू शकतो. जागा नसेल तर अपडेट अडते आणि आधीच सापडलेल्या त्रुटी टॅबलेटमध्ये तशाच राहतात. त्याच टॅबलेटवर बँकेचे अ‍ॅप असेल तर ही जोखीम पैशांची होते.

दुसरा परिणाम वेगावर होतो. स्वस्त टॅबलेटमध्ये बहुधा 'ईएमएमसी' प्रकारची साठवण असते. या चिपला नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसून जागा तयार करावी लागते. मोकळी जागा कमी असेल तर तिला तेच काम वारंवार करावे लागते आणि टॅबलेट अडखळतो. म्हणून किमान ३ ते ४ जीबी कायम मोकळे ठेवावेत. सूचना येईपर्यंत थांबू नये. ती येते तेव्हा साधारण अर्धा जीबीच उरलेला असतो.

नवा टॅबलेट घेताना काय पाहावे?

आतील चिप बोर्डावर डकवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. गुगलने २०२२मध्ये अँड्रॉइड १३च्या स्वस्त उपकरणांसाठीच्या 'गो' आवृत्तीला किमान १६ जीबी स्टोरेजची अट घातली. ही प्रणाली चालण्यासाठीची किमान मर्यादा आहे, वापरणाऱ्याच्या सोयीची नव्हे. अभ्यासासाठी टॅबलेट घ्यायचा असेल तर रॅमच्या फुगवलेल्या आकड्यापेक्षा स्टोरेजवर पैसे घालावेत. किमान ६४ जीबी, शक्य असल्यास १२८. दुकानात नमुन्याचा टॅबलेट असेल तर सेटिंग्ज उघडून 'स्टोरेज'मधील मोकळ्या जागेचा आकडा पाहावा. कार्डाची खाच आहे का, हेही विचारावे. काही टॅबलेटमध्ये ती नसतेच.

ज्यांच्याकडे ३२ जीबीचा टॅबलेट आधीच आहे, त्यांनी रविवारची दहा मिनिटे काढावीत. पाहून झालेली व्याख्याने काढावीत, व्हॉट्सअ‍ॅपमधील मोठ्या फायली साफ कराव्यात आणि आठवड्याच्या नोट्सची प्रत दुसरीकडे ठेवावी. कचरापेटी मात्र ही प्रत उघडून पाहिल्यावरच रिकामी करावी.