गाव किती दूर?

वाटसरूनं विचारलं, "गाव किती दूर?" तर आपली जुनी माणसं कोसांत सांगत. "हे काय, दोन कोस!" एक कोस म्हणजे तीन किलोमीटरांहून थोडं जास्त. पण एखादा जाणता म्हातारा लगेच पुढं विचारी, "नदीला उतार आहे का, ते पाहिलंस?" हा प्रश्न फार शहाणपणाचा. का, ते पाहू या.

दोन गावांतलं अंतर दोन तऱ्हांनी मोजतात. एक पाखराच्या वाटेचं. दुसरं माणसाच्या वाटेचं. आम्ही एक नकाशा घेतला. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. गडचिरोलीपासून भामरागडपर्यंत दोरा ताणून धरला. तो साडेदहा सेंटिमीटर भरला. म्हणजे १०५ किलोमीटर. पाखरू असंच सरळ उडतं. विमानही जवळपास असंच जातं.

मग तोच दोरा सडकेवरून फिरवला. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, आणि पुढं जंगलातून भामरागड. आता दोरा १८ सेंटिमीटर लागला. म्हणजे सुमारे १८० किलोमीटर! सडकेला डोंगर टाळावा लागतो, नदीवर पुलाची जागा शोधावी लागते. म्हणून ती वळत वळत जाते.

आता वेळेचा हिशेब. गाडी तासाला ४० किलोमीटर चालली, तर १८० किलोमीटरांना साडेचार तास. गाडी वाटेत थांबली की वेळ आणखी वाढला. गडचिरोलीहून नागपूर आणखी १७० किलोमीटर. म्हणजे भामरागडचा माणूस नागपूरला पोचेपर्यंत अख्खा दिवस जातो. आणि नागपूरहून मुंबई? ती सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. पण विमान दीड तासात पोचतं!

पाहा बरं, दुप्पट लांबची मुंबई वेळेनं जवळ झाली. तेव्हा नुसते किलोमीटर विचारून भागत नाही. वाट कशी आहे, वाहन कोणतं, ऋतू कोणता, हेही विचारावं लागतं.

भामरागडपासून हेमलकसा जेमतेम ३ किलोमीटर. तिथं १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचं काम चालू आहे. दवाखानाही आहे. पण मध्ये पर्लकोटा नदी. पूर आला की तिच्यावरचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जातो. कित्येक पावसाळ्यांत ही वाट दिवस दिवस बंद पडली आहे. अशा वेळी ३ किलोमीटर म्हणजे ३०० किलोमीटर! पुरात अडकलेल्या रोग्यांना हेलिकॉप्टरनं आणलं गेलं आहे. पण आभाळ फार भरलं तर तेही उडत नाही.

मग आपण काय करावं? पूर यायच्या आधी निघावं. गडचिरोली जिल्ह्यात काही आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' आहे. दिवस भरत आलेली बाई तिथं आधीच येऊन राहते. मग कळा सुरू झाल्यावर रात्री नदी ओलांडायची पाळी येत नाही. आजारी माणसाचं दुखणं अंगावर काढू नये. १०८ क्रमांकाला फोन केला की रोग्यासाठी गाडी येते. पण तिलाही वाट लागतेच.

आता तुम्ही हिशेब करा. तुमच्या गावापासून दवाखाना किती किलोमीटर? उन्हाळ्यात किती वेळ लागतो? श्रावणात किती? मध्ये किती नाले? हे वहीत लिहून ठेवा, आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा.