दख्खनच्या उन्हात द्राक्षारसाची साठवण

माझ्या लग्नात एका वडीलधाऱ्या आप्तांनी आम्हां उभयतांस तांबड्या वाइनची एक बाटली भेट दिली होती. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवशी ती उघडावी, तोवर ती अधिक गुणवान होईल, असे त्यांनी सांगितले होते. नौबादच्या घरी, पत्र्याखालच्या माळ्यावर, एका लाकडी पेटीत ती आम्ही जिवापाड जपली. पंधरा वर्षांनी चार माणसांसमोर बूच काढले, तेव्हा पेल्यात उतरला तो विटकरी रंगाचा, करपलेल्या मनुकांच्या वासाचा, जिभेला झोंबणारा रस. आप्त तोवर हयात नव्हते, हीच काय ती समाधानाची गोष्ट. दोष त्यांचा नव्हता, बाटलीचाही नव्हता. वाइन जुनी होते तशी सुधारते, हे अर्धेच सत्य आम्ही ऐकले होते. उरलेले अर्धे आज आपणांस सांगावे, असा विचार आहे.

घरी दहा-बारा निवडक बाटल्यांचा संग्रह असावा, अशी हौस अलीकडे आपल्याकडेही दिसू लागली आहे. त्यासाठी जी पुस्तके चाळली जातात ती बहुधा युरोपातली असतात, आणि त्यांचा पहिला सल्ला असतो तो तळघराचा. हा सल्ला तेथे योग्यच आहे. फ्रान्समधील रँस शहराखाली खडूच्या दगडात खोदलेल्या जुन्या खाणी आहेत. त्यांत शॅम्पेनच्या असंख्य बाटल्या बाराही महिने १० ते १२ अंश सेल्सियस उष्णतामानात विसावलेल्या असतात. तेथे ना यंत्र, ना बर्फ. मग हीच युक्ती आपण का करू नये?

याचे उत्तर आपल्या नौबादेतच आहे. पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत, इराणी पद्धतीने जांभ्या खडकातून कोरलेली आपली सुरंग बावी आपण पाहिली असेल. मधूनमधून उभी विवरे आणि खालून वाहणारे पाणी, अशी तिची रचना. वैशाखात तिच्या तोंडाशी उभे राहिले की थंडावा वाटतो. आणि पौषातल्या पहाटे तीच जागा उबदार भासते. वस्तुतः खालची हवा फारशी बदललेली नसते, बदललेले असते ते बाहेरचे ऋतुमान. जमिनीत काही मीटर खोल गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा भेद मावळतो, आणि त्या गावाच्या वर्षभराच्या उष्णतामानाची जी सरासरी, तीच तेथे कायम राहते. रँसची सरासरी दहा-अकरा अंशांच्या घरात आहे, म्हणून तेथील तळघर थंड. बिदरची सरासरी पंचवीस अंशांच्या आसपास, कलबुर्गीची त्याहूनही थोडी अधिक. तेव्हा आपण कितीही खोल खणले तरी तळघर स्थिर होईल, शीतल होणार नाही. तळघर ही काही जादू नव्हे. ती त्या त्या भूमीची देणगी आहे.

आता उष्णता वाइनचे नेमके काय करते? बाटलीत बंद झाल्यावरही वाइनमधील आम्ले, रंगद्रव्ये व तुरट अंश यांच्या परस्परक्रिया चालूच असतात. त्या मंदगतीने झाल्या म्हणजे तुरटपणा मवाळ होतो आणि नवे सुगंध प्रकटतात. यालाच आपण मुरणे म्हणतो. परंतु उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. मंद आचेवर शिजायचे अन्न भडक जाळावर ठेवावे, तसे मग होते. शिवाय दिवसाच्या उन्हाने रस फुगतो व बूच ढकलतो. रात्री तो आकसतो आणि हवा आत ओढतो. आमच्या माळ्यावर पंधरा वर्षे हेच चालले होते.

म्हणून आपल्याकडे संग्रहाचा आरंभ निवडीपासून नव्हे, जागेपासून करावा. वाइनसाठी १२ ते १५ अंशांवर राहणारे छोटे शीतकपाट मिळते. ते परवडत नसेल तर सहाच बाटल्या आणाव्यात, त्या घरातील सर्वांत गार, अंधाऱ्या खोलीत, उत्तरेकडील भिंतीशी ठेवाव्यात आणि शिमग्यापूर्वी संपवाव्यात. स्वयंपाकघर, माळा आणि काचेचे कपाट ही तिन्ही स्थाने वर्ज्य समजावीत. बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहून आक्रसत नाही. पेचाच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते.

आता निवडीकडे वळू. नारायणगाव आणि नंदी टेकड्यांच्या परिसरात १९८०च्या दशकापासून वाइनची द्राक्षे लावली जाऊ लागली. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन २००० साली निघाली. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये या धंद्यासाठी धोरणे आखली. आज आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, सांजोवेझे हे इटालियन वाणही पिकते. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी होते आणि काढणी बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. बाटलीवरचे साल काढणीचे असते, म्हणून एकाच सालाची आपली वाइन युरोपातल्या वाइनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी वडील असते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

शेनिन ब्लां व सोव्हिन्यों ब्लां या आपल्याकडील पांढऱ्या वाइन ताजेपणासाठीच घ्यावयाच्या. त्यांचे साल जितके अलीकडचे तितके बरे, आणि वर्षाच्या आत त्या संपवाव्यात. गुलाबी वाइनचेही तसेच. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा सांजोवेझे यांच्या ओकच्या पिंपात मुरवलेल्या तांबड्या वाइन शीतकपाटात तीन-चार वर्षे नीट राहू शकतात. बारा बाटल्यांचा संग्रह असेल तर पाच पांढऱ्या, सहा तांबड्या आणि एक गोड, मद्यार्क मिसळलेली, असा बेत ठीक पडेल. तांबड्या प्रत्येकी दोन-दोन घ्याव्यात. एक आज उघडून तिची चव वहीत टिपावी, दुसरी दोन वर्षांनी उघडून पडताळावी. एवढ्या अभ्यासाने जे कळते ते कोणत्याही व्याख्यानाने कळणार नाही.

उष्णतेला सहसा न डगमगणारी एक वाइन मात्र आहे. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील पिंपे पूर्वी जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडीत, आणि त्या प्रवासाने तो रस अधिक रुचकर होतो असे आढळले. तेव्हापासून तिथे वाइन मुद्दाम तापवूनच मुरवतात. जिने उन्हाळा आधीच सोसला आहे, तिला आपल्या वैशाखाचे भय ते काय? ती आपल्याकडे सहज मिळत नाही. परंतु परदेशातून येणारा एखादा भाचा काय आणू म्हणून विचारील, तर हे नाव त्यास सांगून ठेवावे.

दोन गोष्टी अखेरीस सांगितल्या पाहिजेत. पहिली कायद्याची. घरी किती साठा ठेवता येतो हे उत्पादनशुल्क खात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे. उदगीर-लातूरकडून येताना राज्याची सीमा ओलांडावी लागते, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. दुसरी गोष्ट घरची. ज्या कुटुंबास व्यसनाने एकदा पोळले आहे, त्या घरात हा छंद आणू नये. तेथे रिकामे कपाट हेच भूषण.

आमच्या देवळात मिस्सेसाठी लागणारा द्राक्षारस शुद्ध द्राक्षांचा असावा आणि बिघडलेला नसावा, असा धर्मसभेचा दंडक आहे. त्यामुळे तो जपणाऱ्यास बाटलीच्या थोरवीपेक्षा तिच्या जागेची काळजी अधिक असते. गृहस्थानेही तेच धोरण ठेवावे. कानाच्या लग्नात उत्तम द्राक्षारस शेवटी वाढला गेला, ही कथा आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. परंतु तो कोणी माळ्यावर पंधरा वर्षे ठेवलेला नव्हता. भेट देणाराही जिवंत असावा आणि रसही जिवंत असावा, अशा वेळी बाटली उघडावी. या पुढील वाढदिवसाला आम्ही तसेच करणार आहोत.