आपल्या नावाची पत

सावकाराच्या चोपडीत आपल्या नावे काय मांडले आहे, हे ऋणकोस पूर्वी क्वचितच पाहावयास मिळे. आज ती चोपडी पतमाहिती कंपन्यांकडे असते. आपल्या पॅन क्रमांकावर कोणी परस्पर कर्ज उचलले, तर मुलाच्या शिक्षणाचे कर्ज नाकारले गेल्यावरच कित्येकांस ते कळते. वस्तुतः रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून देशातील चार कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून तो मागविल्यास वर्षभर पहारा राहतो. अनोळखी कर्ज वा चौकशी आढळताच संबंधित बँक व कंपनी यांच्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास प्रतिदिनी १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू आहे. श्रोतेहो, पहिला अर्ज याच आठवड्यात करावा, ही विनंती.